खोलल्याशिवाय सांगता येत नाही

जगात सलग सर्वांत लांब डांबर पडण्याचा विक्रम आमच्या वऱ्हाडातल्या रस्त्यानं केला होता. 2022 सालच्या जूनमध्ये, 3 तारखेच्या सकाळपासून 7 तारखेच्या संध्याकाळपर्यंत, अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग 53 वर एका पदराचं 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत उरकलं आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. तिथं 2019 मध्ये 25 किलोमीटरला 10 दिवस लागले होते. आम्ही कतारला हरवलं. या गोष्टीचा अभिमान सगळ्यांनाच आहे, पण ज्यांच्या गाड्या या रस्त्यावर बंद पडतात त्यांना जरा जास्त आहे, कारण रस्ता नीट न्याहाळायला वेळ त्यांनाच मिळतो.

माझी गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद पडली. रस्त्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि हीच पहिली अडचण. एरवी आपल्याकडे गाडीला काहीही झालं तरी खड्ड्यावर ढकलता येतं. इथं खड्डाच नव्हता. मे महिना, लग्नाची तिथी, मागच्या सीटवर आहेराची भांडी, आणि समोर डॅशबोर्डवर तांबडा दिवा. आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटा नसतो. काटा हळूहळू वर चढतो आणि माणसाला विचार करायची संधी देतो, म्हणून तो काढून टाकला असावा. दिवा एकदम लागतो. तो लागताच मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. हे इथं लेखी नोंदवून ठेवतो, कारण त्या दिवसापासून अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतला जो कोणी भेटला त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला: "लाल लाइट लागल्यावर किती चालवली?" नाही चालवली म्हटलं की तो माणूस मंद हसतो. डॉक्टर दारुड्याकडे पाहून हसतात तसं.

पलीकडच्या ढाब्यावरचा माणूस आपणहून बादली घेऊन आला. वऱ्हाडात माणुसकीला तोटा नाही, पाण्याला आहे. मी विचारलं, पाणी कुठलं? "बोअरचं हाय जी." तुम्ही पिता का हे? "छ्या! प्यायले कॅन येते. गाडीले चालते."

या दोन वाक्यांत माझ्या इंजिनाचा सगळा इतिहास आला, फक्त तो मला नंतर कळला. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तिथलं जमिनीखालचं पाणी खारट. माणसाला प्यायला नको, पिकाला द्यायला नको, डाळ त्यात शिजत नाही. पिढ्यान् पिढ्या लोकांनी या पाण्याचा त्रास काढला, समित्या झाल्या, योजना झाल्या. एवढं सगळं झाल्यावर त्या पाण्याला एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे रेडिएटर. माझ्या गाडीचा आधीचा मालक अकोट तालुक्यातला, पूर्णेकाठचा. कूलंट तीनशे-चारशे रुपये लिटर, आणि बोअर घरची. त्यानं हिशेब केला. कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं त्यानं पाण्याचा उत्कलनांक वाढतो, आणि सोबत गंज धरू न देणारी औषधं असतात, असल्या चर्चेत तो पडला नाही. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसत गेले, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला आतून खात गेले, आणि ज्या दिवशी बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी त्यांचं काम पूर्ण झालं. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, पाणी ऑइलमध्ये गेलं.

गाडी विकताना तो म्हणाला होता, "सर, इंजिन मख्खन आहे. आजवर खुललं नाही." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मूर्तिजापूर हे इंजिनांच्या बाबतीत मानाचं गाव आहे, हेही सांगून ठेवतो. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही शकुंतला रेल्वे इथूनच दोन्हीकडे जायची. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं, 1923 पासून कामावर लागलं आणि 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं. मग ते काढलं आणि डिझेल इंजिन लावलं. आता गाडीच बंद आहे. टोचनवाल्याची वाट पाहत त्या गावाच्या वेशीवर उभं राहताना माझ्या डिझेल इंजिनाच्या वयाचा आकडा मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नाही.

टोचनवाला आला तो आधी माझा झब्बा पाहून, मग बायकोची पैठणी पाहून आणि शेवटी गाडी पाहून दर बोलला. गाडी पाहून कमी झाला नाही. मग प्रश्न आला, न्यायची कुठं? मूर्तिजापूरहून अकोला जवळ, अमरावती लांब, आणि घर अमरावतीला. गाडी एमएच-30, मालक एमएच-27. फोनवर दोन्हीकडची मतं आली. अमरावतीचे म्हणाले, अकोल्याची गाडी काहाले घेतली? अकोल्याचे, ज्यांच्याकडे आम्ही लग्नाला निघालो होतो, ते म्हणाले, "आमच्याकडं होती तवा बराबर चालत होती. अमरावतीवाल्यायले गाडी चालवता येत नाई." लग्न लागायला अर्धा तास होता आणि वरपक्षातली चार कर्ती माणसं मांडवाबाहेर उभी राहून माझ्या गॅस्केटवर बोलत होती. आहेराची भांडी दुसऱ्याच्या गाडीतून गेली. त्यावरचं नाव न वाचताच ती त्यानंच दिली असं पुष्कळांना वाटलं, ते अजून तसंच आहे.

गाडी अमरावतीला आली. बडनेरा रोडवर एका मोठ्या, काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी तिला आधी नेलं. नाव सांगत नाही. तिथं एसी आहे, चहा फुकट आहे, आणि टाय लावलेला एक मुलगा आहे जो आपल्याला "सर" म्हणतो आणि गाडीला "व्हेइकल". त्यानं एक छापील कागद दिला: दोन लाख चौदा हजार. गाडी मी घेतली होती दोन लाख साठला. मी म्हटलं, यात नक्की काय काय येतं? तो म्हणाला, "सर, हा अप्रॉक्स आहे. खोलल्यावर फायनल कळेल." मग विम्याचं विचारलं. बंपरला ओरखडा गेला तर विमा मिळतो, गाडी पुरात वाहून गेली तर मिळतो, चोरीला गेली तर मिळतो. गाडी दारात उभी आहे आणि फक्त चालत नाही, याला मात्र यांत्रिक बिघाड आणि झीज म्हणतात, आणि ते पॉलिसीत अपवाद म्हणून लिहिलेलं असतं. मी त्या मुलाला विचारलं, चोरीला जाण्याची काही सोय? तो हसला नाही. त्याला असा प्रश्न विचारणारा मी पहिला नसावा.

इथून पुढं समाज कामाला लागतो. नोकरी, मुलीचं लग्न आणि इंजिन या तीन गोष्टी आपल्याकडे खाजगी नाहीत. ज्याच्या त्याच्याकडे ओळखीचा मिस्त्री असतो, आणि त्या मिस्त्रीसारखा हात अख्ख्या विदर्भात कुणाला नसतो. वलगाव रोडचा एक, जुन्या बसस्टँडकडचा एक, आणि अकोल्याला वाशीम बायपासवर एक असा की तो नुसता आवाज ऐकून सांगतो. माझ्या गाडीला आवाजच नव्हता, त्यामुळे तो बाद झाला. ज्याचा मिस्त्री घेतला नाही तो दुखावतो. ज्याचा घेतला तो जास्त त्रासदायक, कारण तो रोज फोन करून विचारतो की माणूस कसा निघाला.

आता मुख्य तक्रार. इंजिनाचा खर्च किती येईल हे जगातला कोणीही मिस्त्री इंजिन खोलल्याशिवाय सांगत नाही. आपला मिस्त्री तर शपथेवर सांगत नाही. "खोलल्याबिगर काई सांगता येत नाई सर. हेडवरच भागलं त पंचवीसात होते. हाफ इंजिन निघालं त पंच्याऐंशी. फुल निघालं त मंग पाहू." हे ऐकायला अगदी रास्त वाटतं. डॉक्टरसुद्धा पोट फाडल्याशिवाय कुठं सांगतात? पण यात गोम अशी की ठरवायचं आधी असतं आणि कळतं नंतर. बंद पडलेली पण न खोललेली गाडी ही गाडी असते. ती ओढून दुसरीकडे नेता येते, जुन्या गाड्यांच्या कन्सल्टन्सीवाल्याला दाखवता येते, आहे तशी विकता येते. मिस्त्रीनं हेडचे बोल्ट एकदा काढले की ती गाडी राहत नाही, तो दोन गोण्या आणि एक सांगाडा असतो. हेड एका लेथवर, क्रँक दुसऱ्याकडे, इंजेक्टर तिसऱ्याकडे टेस्टिंगला, आणि नटबोल्ट तेलाच्या कापलेल्या डब्यात, ज्यात आणखी दोघांच्या गाड्यांचे नटबोल्ट आहेत. मग मिस्त्री जो आकडा सांगेल तो आपला. त्या आकड्याला आपण नाही म्हणू शकतो, पण मग तो डबा आपल्या हातात देतो.

खोललं. मिस्त्रीनं ऑइल दाखवलं, त्याची कॉफी झालेली होती. मग त्यानं तो प्रश्न विचारला जो जगातल्या प्रत्येक मिस्त्रीला शिकवला जातो: "याले आधी कोणं हात लावला होता?" मी म्हटलं, कोणीच नाही, इंजिन खुललेलंच नव्हतं. तो थोडा निराश झाला. आधीचा मिस्त्री नाही म्हटल्यावर दोष कुणाला द्यायचा? क्षणभर विचार करून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लाल लाइट लागल्यावर किती चालवली?"

मधल्या काळात मी कायद्याकडेही गेलो होतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही असं कळलं, तेव्हा दोन दिवस मी फार उत्साहात होतो. एका वकील मित्रानं तो उत्साह फी न घेता उतरवला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याविरुद्ध चालतो. अकोटच्या शेतकऱ्यानं स्वतःची एक गाडी विकली म्हणून तो व्यापारी होत नाही. मग उरतो 1930 सालचा वस्तुविक्री कायदा. त्याच्या सोळाव्या कलमाचा मथितार्थ असा की घेणाऱ्यानं पाहून घ्यावं, अपवाद थोडे. हा कायदा इंग्रजांनी आपल्याला दिला. स्वतःकडे त्यांनी काय केलं, तर 2015 सालच्या त्यांच्या कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीतसुद्धा दोष निघाला तर 30 दिवसांत ती परत करता येते. आमच्याकडेही जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून नियम लागू झाले. गाडी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्यांना मालकच मानायचं, आरटीओला कळवायचं, सगळं पद्धतशीर. कागद कुणाच्या नावावर आहेत याची त्यात चोख काळजी आहे. इंजिनाच्या तब्येतीची हमी त्यात नाही, आणि मी तर गाडी विक्रेत्याकडून घेतलीच नव्हती, मेव्हण्याच्या ओळखीतून घेतली होती. मेव्हण्याविरुद्ध कोणत्याच कायद्यात कलम नाही.

मेव्हण्याचं मत होतं की जुनं इंजिन आणून टाकावं. नागपूरच्या कबाड्याकडे मिळतं, नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याहून मागवता येतं, साठ हजारात काम, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. हा मार्ग मला काही काळ फार पटला होता. मग दोन गोष्टी समोर आल्या. इंजिन बदललं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी आरटीओला ते इंजिन कुठून आलं याचा कागद दाखवावा लागतो, आणि कबाड्याकडे कागद मागितला की तो असा चेहरा करतो जसं काही आपण त्याच्या घराण्याविषयी बोललो. दुसरी गोष्ट अशी की ते इंजिनही कुणीतरी विकलेलंच असतं. तेही मख्खनच असणार.

सासऱ्यांचा सल्ला वेगळा. "काढून टाका न जावईबापू, काहाले जीव जाळता?" काढून टाकणं हा आमच्याकडचा आवडता शब्द आहे. बैल, शेत, गाडी, सगळं काढून टाकता येतं. मी कन्सल्टन्सीवाल्याला विचारलं. बंद स्थितीत सत्तर हजार म्हणाला. भंगारात द्यायची तर त्याहून कमी, शिवाय सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र घेतलं तर नव्या गाडीच्या करात सवलत, पण सवलत मिळवायला आधी नवी गाडी घ्यावी लागते. हा उपाय ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत ते अकोटहून जुनी गाडी घेत नाहीत.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या मते खरं गणित एकच आहे. गाडी कितीला घेतली ते विसरायचं. चालू स्थितीत आज किती येतील, त्यातून बंद स्थितीत किती येतात ते वजा करायचं, आणि उरेल त्याच्या आत दुरुस्ती बसली तर करायची, नाहीतर नाही. चालू दोन साठ, बंद सत्तर हजार, फरक एक लाख नव्वद, हाफ इंजिन पंच्याऐंशी. करायची. मी हे घरात मांडलं आणि ते कुणालाही आवडलं नाही, कारण त्यात टायर नव्हते. गेल्या दिवाळीला चार नवे टायर आणि बॅटरी घातली होती, त्याचे पैसे यात कुठं आहेत, असं प्रत्येकानं विचारलं. ते गेले, असं मी सांगितलं. गेले कसे, गाडीलाच तर लावलेत, असं उत्तर आलं. "बाप्पा! अन् सीट कव्हर?" असं बायकोच्या मावशींनी विचारलं. सीट कव्हरचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काम सुरू झालं आणि संपेना. हेड फेसिंगला गेलं तर तिथली लाइट गेली. लाइट आली तर लेथवाला साळ्याच्या लग्नाला परतवाड्याला गेला. रिंग आल्या त्या दुसऱ्याच मापाच्या. "उद्या देतो न सर" हे वाक्य मिस्त्री इतक्या मनापासून म्हणतो की त्यावर अविश्वास दाखवणं असभ्यपणाचं वाटतं. ज्या मार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पडलं, त्याच मार्गावर बंद पडलेल्या गाडीचं हेड सरळ होईपर्यंत उन्हाळा संपला आणि मृग लागला. लोकांनी पेरणी उरकली. मध्ये कधीतरी पंच्याऐंशी हजाराचे एक लाख बावीस झाले. कसे झाले ते मला तारीखवार सांगता येणार नाही. "टर्बोत खेळ आला होता", "वॉटर पंप ठेवून काय करता", "आता खोललंच हाय त क्लचप्लेट पण करून घेऊ" अशा छोट्या छोट्या, समजूतदार वाक्यांनी ते झाले. प्रत्येक वाक्य वेगळं ऐकलं तर बरोबर होतं. शेवटी त्यानं जुने पार्ट एका गोणीत भरून माझ्या हवाली केले, त्यानं फसवलं नाही याचा पुरावा म्हणून. ती गोणी आता घरी आहे. फेकवत नाही, कारण घरातल्या सगळ्यात महागड्या वस्तू तिच्यात आहेत.

गाडी आता चालते. छान चालते. रेडिएटरमध्ये कंपनीचं कूलंट आहे, हिरवं, आणि मी ते दर रविवारी पाहतो. पण एवढ्या प्रकारानंतर घरच्यांचं मन उडालं आणि गाडी विकायची ठरली, तेव्हा बाजाराचा एक नियम कळला जो आधी कुणीच सांगितला नव्हता. गिऱ्हाईक येतं, बॉनेट उघडतं, आणि विचारतं, "इंजिन खुललं हाय का?" मी अभिमानानं सांगतो की हो, नवीन बांधलं, पिस्टन-रिंग नवीन, हेड फेसिंग केलेलं, बिलं आहेत. बिलं दाखवली की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरतं. आपल्या बाजारात खुललेल्या इंजिनाची किंमत कमी. न खुललेलं म्हणजे अस्सल, मग ते आतून कितीही खारलेलं असो. एक लाख ऐंशीच्या वर कोणी बोलायला तयार नाही. म्हणजे माझ्या गणिताप्रमाणे फरक एक लाख नव्वद नव्हताच, एक लाख दहा होता, आणि खर्च एक लाख बावीस. बंद गाडी त्याच दिवशी मूर्तिजापूरच्या वेशीवर काढून टाकली असती तर बारा हजार वाचले असते. सासऱ्यांना हा आकडा मी कळू दिलेला नाही.

मध्यंतरी अकोटचे ते गृहस्थ अकोल्याला टॉवर चौकात भेटले. मोठ्या प्रेमानं चहा पाजला. गाडीची चौकशी केली, आणि सगळं ऐकून घेतल्यावर हळहळून विचारलं, "लाल लाइट लागल्यावर किती चालवली होती सर?" त्यांनी आता दुसरी गाडी घेतली आहे, पांढरी, डिझेल. तिलाही घरच्याच बोअरचं पाणी चालतं म्हणाले, अजून काही तक्रार नाही. वर्षभरात काढून टाकायचा विचार आहे, कोणी घेणारा असला तर सांगा म्हणाले. इंजिन खुललेलं नाही. कुणाला हवी असल्यास कळवावं.